सांडवा नसलेले आराखडे : प्रकल्प चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
विदर्भाच्या खेड्यापाड्यांत पाणलोट, शेती आणि उपजीविकेचे प्रकल्प चालवणारे सर्व संचालक, कार्यक्रम व्यवस्थापक आणि निधी देणाऱ्या संस्थांचे विश्वस्त यांना

स.न.वि.वि.

मृगाच्या दुसऱ्या पावसात आमच्या एका गावातला माती नाला बांध फुटला. तीन वर्षांपूर्वीचा बांध. दबाई नीट झालेली, पिचिंगचे दगड जागच्या जागी, भिंतीवर गवतानं चांगला जीव धरलेला. सकाळी मी आणि आमचा अभियंता जाऊन पाहतो तर भिंतीत मधोमध खिंडार, आणि खालच्या दोन एकरांत नुकतीच टोबलेली सरकी मातीसकट वाहून गेलेली. कारण शोधायला वेळ लागला नाही. सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी वाहून जायच्या वाटेच्या, तोंडाशी कुणीतरी गेल्या हंगामाच्या कापसाच्या पऱ्हाट्या रचून ठेवल्या होत्या. उन्हाळाभर नाला कोरडा, म्हणून ती जागा सगळ्यांना रिकामीच वाटली. ज्यांचं वावर गेलं ते आजोबा धुऱ्यावर बसले होते. म्हणाले, "मॅडम, बांध कच्चा नोहता. पान्याले जागाच नाई ठेवली तं थे जाईन कोठून?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात मी अकरा वर्षांपासून समन्वयक आहे. सांडवा म्हणजे काय, तो का मोकळा ठेवायचा, हे मी शेकडो शिवारफेऱ्यांत सांगितलं असेल. बांधाच्या अंदाजपत्रकात सांडव्याची लांबी-रुंदी नसेल तर फाइल परत येते, आणि ते बरोबरच आहे. पण ज्या माणसांच्या जिवावर हे बांध उभे राहतात त्यांच्यावर चढणारा भार कुठून वाहून जाईल, याची जागा आपल्या एकाही प्रकल्प आराखड्यात मी पाहिलेली नाही. हे पत्र त्याबद्दल आहे.

गेल्या वर्षीची २७ मार्चची रात्र सांगते. जिल्ह्याच्या ठिकाणी आढावा बैठक होती. वेळ दिली होती चारची. आधीची बैठक लांबली म्हणून सुरू झाली पावणेसातला. सगळ्या तालुक्यांचे समन्वयक आणि अभियंते बाहेरच्या बाकांवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेले. कुणी बिस्किटाचा पुडा फोडला तो दहा जणांत फिरला. आमचा नंबर साडेआठला लागला. पडद्यावर 'भौतिक प्रगती ७१ टक्के' दिसताच प्रश्न आला, उरलेले २९ चार दिवसांत कसे करणार? उत्तर आमच्याकडे नव्हतं. तरी आम्ही "करतो सर" म्हणालो. सव्वानऊला सुटलो. मला एका सहकाऱ्याच्या गाडीत जागा मिळाली. आमचा अभियंता मोटरसायकलवर निघाला, ६० किलोमीटर, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याला साइटवर माप घ्यायचं होतं.

वाटेत रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला. अभियंत्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, चेहऱ्याची एक बाजू सोलवटली. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं त्याला ग्रामीण रुग्णालयात पोचवलं. पावणेबाराला तिथून त्यानं मला फोन केला. काय झालं ते त्यानं सांगितलं, आणि मी त्याला विचारलेला पहिला प्रश्न होता, "लॅपटॉप ठीक आहे ना?"

हे लिहिताना आजही माझा हात थांबतो. २६ वर्षांचा पोरगा, आईबापाला एकटा. मी त्याला लेकरासारखा म्हणते. आणि मी मापाच्या नोंदी शाबूत आहेत का ते विचारत होते. तो म्हणाला, "हाव मॅडम, बॅग पाठीवरच होती." धीर द्यायचा होता मी, दिला त्यानं.

मी खूप दिवस स्वतःला दोष देत होते. तो माझाच आहे, कुणावर ढकलत नाही. पण नंतर शांतपणे बघितलं तेव्हा लक्षात आलं की मला वर्षभर रोज हाच एक प्रश्न विचारला जात होता: आकडा कुठे आहे? मी तो वरून घेत होते आणि खाली जसाच्या तसा सोडत होते. मधल्या माणसाचं काम इतकंच असेल तर त्या जागी मेसेज पुढे पाठवणारा फोनही पुरेल. वरचा दाब आपल्याकडे घ्यायचा, त्यातला खरोखर निकडीचा भाग निवडायचा, तेवढाच खाली जाऊ द्यायचा आणि बाकीच्यासाठी वर जाऊन भांडायचं, हे माझं काम होतं. नेतृत्व म्हणजे हे, असं मला कोणत्याही प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. तिथे लक्ष्यांक, जोखीम आणि अहवाल शिकवले. जोखमीच्या तक्त्यात पावसाचा खंड, सिमेंटचे भाव, आचारसंहिता हे सगळं असतं. रात्री साडेनऊला थकून मोटरसायकलवर बसलेला अभियंता त्यात नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'बर्नआउट'ची व्याख्या दिली. त्याला आजार म्हटलं नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळच्या ताणाचं नीट व्यवस्थापन झालं नाही की ही अवस्था येते, असं ती व्याख्या सांगते. म्हणजे व्यवस्थापन हा शब्द व्याख्येतच आहे. लक्षणं तीन : शक्ती संपून जाणं, कामापासून मन लांब जाणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं.

पहिलं लक्षण सगळ्यांना दिसतं. मला दुसऱ्याची भीती वाटते. आमच्याकडे एक कार्यकर्ता आहे. नऊ गावांतल्या विहिरींची खोली त्याला तोंडपाठ. कोणत्या पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, कुणाच्या घरी म्हातारी आजारी आहे, कोण कोणाशी बोलत नाही, सगळं माहीत. कोलामांच्या बैठकीत तो त्यांच्या बोलीत बोलायचा आणि बाया खळखळून हसायच्या. दोन वर्षांपूर्वी मी त्याला फोनवर ऐकलं, "अनुक्रमांक ४३ चा फोटो राह्यला." ४३ म्हणजे ज्या बाईच्या हातची भाकर त्यानं कितीदा खाल्ली होती ती. तो बदलला हे मला तिथे कळलं. त्याचं काम वेळेत होत होतं, अहवाल हिरवे होते. आपल्या कोणत्याच तक्त्यात तो बिघाड दिसला नसता.

आता आमच्या वर्षाची मांडणी पाहा. खरिपाचा कापूस निघेपर्यंत वावरात मशीन घालता येत नाही. वेचणी जानेवारीपर्यंत चालते, कधी फेब्रुवारीपर्यंत. नेमका त्याच सुमारास निधी येतो आणि ३१ मार्चला हिशेब बंद. उरलेलं मातीकाम एप्रिल-मेमध्ये, जेव्हा इथे पारा ४५ च्या पुढे जातो. बारा महिन्यांचा प्रकल्प शंभर-सव्वाशे दिवसांत कोंबला जातो. हे वेळापत्रक आपण वऱ्हाडाच्या शिवारात बसून केलेलं नाही, म्हणून ते असं आहे. त्यात आमच्यातल्या बहुतेकांचे करार अकरा महिन्यांचे. ३१ मार्चच्या रात्री दोन वाजेपर्यंत देयकं भरणाऱ्या पोराला १ एप्रिलला आपण कामावर आहोत की नाही, हे माहीत नसतं. एवढी एक गोष्ट दोन महिने आधी कळवली तरी कितीतरी घरांत झोप येईल.

कष्टाला आमची माणसं भीत नाहीत, हे मला ठामपणे सांगायचं आहे. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या तीन तालुक्यांत अमरावती जिल्ह्याचा वरुड होता. पुढे विदर्भातल्या कितीतरी गावांनी ८ एप्रिल ते २२ मे असे ४५ दिवस, त्या उन्हात, पहाटे आणि रात्री टॉर्च लावून चर खोदले. मीही अशा रात्री कुदळ धरली आहे. अंग मोडायचं, पण सकाळी जाग यायची ती उत्साहानं. त्या कामाला शेवटचा दिवस होता, तो पहिल्या दिवसापासून माहीत होता. काय खोदायचं ते गावानं ठरवलेलं असायचं. शेजारी कोण आहे ते दिसायचं. माणूस मोडतो तो ज्या कामाला शेवट नाही, ज्यात त्याला विचारलं जात नाही आणि जे झाल्यावर कुणी 'झालं' म्हणत नाही, त्या कामानं. एक लक्ष्यांक पूर्ण झाला की दुसऱ्या दिवशी नवा येतो. मधे एक दिवसही नसतो.

आणि घाई कशाची असते? याच विदर्भात गोसीखुर्दची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला झाली, तेव्हा त्याचा अंदाजित खर्च ३७२ कोटी होता. त्या धरणाच्या कालव्यांची वाट पाहत एक पिढी म्हातारी झाली. ज्या भागात पाण्याचे प्रकल्प दशकांत मोजले जातात, तिथे एका फोटोसाठी रात्री अकराला फोन का यावा?

मला माहीत आहे, आपल्यावरही वरून दाब आहे. विदेशी निधीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. तेव्हापासून अंदाजपत्रक बसवताना पहिली कात्री माणसांवर चालते हे मी जवळून पाहिलं आहे. देणगीदाराला बांध दिसतो. बांध मोजणारा दिसत नाही. पण चार जणांचं काम दोघांवर टाकून वाचवलेला पैसा कुठे जातो, ते त्या फुटलेल्या बांधावर उभं राहून विचारावंसं वाटलं. सांडव्यातल्या पऱ्हाट्या मे महिन्यात एका फेरीत दिसल्या असत्या. पावसाआधीची पाहणी यादीत होती. आमच्याकडे त्या गावासाठी माणूस नव्हता. जो होता तो मेमध्ये काम सोडून गेला. जाताना त्यानं कारण लिहिलं, 'घरगुती'.

बायांबद्दल थोडं वेगळं लिहिते, कारण ते बैठकीत बोललं जात नाही. फिल्डवर जाणाऱ्या आमच्या पोरी सकाळी पाणी कमी पितात. वाटेत लघवीला जागा नसते म्हणून. ४५ अंशात. त्याचे परिणाम त्यांना मूत्रमार्गाच्या संसर्गाच्या रूपानं भोगावे लागतात, आणि त्या मला एकटं गाठून हळू आवाजात सांगतात. पाळीच्या दिवसांत दहा किलोमीटरची शिवारफेरी टाळायची तर कारण काय द्यायचं, हा त्यांचा प्रश्न. संध्याकाळी सातला सुरू होणारी बैठक पुरुषांना गैरसोयीची असेल. बाईच्या बाबतीत ती नोकरी सुटण्याचं कारण होते. दोन चांगल्या मुली मी अशा गमावल्या.

माझ्या स्वतःच्या बाबतीत एक गोष्ट घडली. दीड वर्षापूर्वी आम्ही एका गावात आरोग्य शिबिर ठेवलं होतं. शाळेच्या व्हरांड्यात रांग लागली होती. सिस्टरनं बीपीचं मशीन बरोबर चालतं का बघायला माझ्याच दंडाला पट्टा गुंडाळला. एकदा बघितलं, मग दुसरा हात मागितला, मग म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही बसा." १६०/१००. मी म्हटलं, रांग मोठी आहे, नंतर बघू. त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. गावच्या बाया बघत होत्या. एरवी मी त्यांना सांगायची, अंगावर दुखणं काढू नका. त्या दिवशी एक जण दुसरीला म्हणाली, "इले सांगनारं कोनी नाई वाटते." पुढारी म्हणजे जो सगळ्यात शेवटी जेवतो आणि सगळ्यात शेवटी झोपतो, हे मी माहेरातून, शाळेतून, चळवळीतून शिकले होते आणि त्याचा मला अभिमान होता. पण मी झोपत नाही हे पाहून माझी माणसंही झोपत नव्हती. मी सुट्टी घेत नाही म्हणून त्यांना मागायला लाज वाटत होती.

आमच्यापासून सेवाग्राम फार लांब नाही. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले आणि देशाच्या चळवळीचा कारभार त्या मातीच्या कुटीतून चालला. व्हाइसरॉयनं संपर्कासाठी बसवलेला टेलिफोन आश्रमात आजही पाहायला मिळतो. गेल्या जूनमध्ये मी टीमला घेऊन गेले होते, तेव्हा बराच वेळ त्या फोनपुढे उभी राहिले. ज्यांच्या एका शब्दावर देश हलत होता, ज्यांना गाठायला दिल्लीहून तार ओढली होती, ते सोमवारी मौन पाळत. गरज पडली तर चिठ्ठी लिहून देत. त्या एका दिवसासाठी चळवळ थांबली नाही. त्यांचा सोमवार सगळ्यांना माहीत होता, लोक त्याप्रमाणे आपली कामं लावत. मग आमच्या तालुक्यातल्या शेततळ्यांचा आकडा रविवारी संध्याकाळी न मिळाल्यानं काय बिघडणार आहे?

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) मी दोनदा पाहिलं. तिथे ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीनं होतात. एकाचीही अडचण असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. वेळ लागतो. पण २००९ मध्ये त्याच गावानं सामूहिक वनहक्क मिळवला, सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा. भार एका डोक्यावर नसल्यामुळे कुणी एक जण आजारी पडला म्हणून काम अडत नाही. आपल्या प्रकल्पांत उलट असतं. एक समन्वयक रजेवर गेला की नऊ गावं थांबतात, आणि हे आपण त्याच्या निष्ठेचं प्रमाणपत्र समजतो.

मनाच्या आरोग्याबद्दल गावात कोण बोलणार, असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी घरोघरी जाऊन बोलणं सुरू केलं, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. लोक बोलतात, विचारणारं माणूस ओळखीचं आणि सवडीचं असलं की. मग शेतकऱ्याच्या ताणावर काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्याला हे विचारणारं कोण आहे? १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आम्ही प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवला. आमच्या स्वतःच्या कार्यालयात तो लावायचं मला वर्षभर सुचलं नाही.

अपघातानंतर मी माझ्या हातात होतं तेवढं बदललं. अंधार पडल्यावर कुणी मोटरसायकल चालवायची नाही. उशीर झाला तर तिथेच मुक्काम, खर्च प्रकल्पाचा. या एका ओळीसाठी मला लेखा विभागाशी तीन महिने पत्रव्यवहार करावा लागला. संध्याकाळी सातनंतर गटावर कामाचा मेसेज नाही, आणि हा नियम पहिला मला. मेमध्ये फिल्ड सकाळी सहा ते अकरा. प्रत्येक गाव दोघांना माहीत असलं पाहिजे. रोजच्या अहवालात चौदा रकाने होते, त्यांतले आम्ही चारच भरतो, बाकीचे आठवड्याला. सोमवारी सकाळी पहिला अर्धा तास आकडे नाहीत. त्या अर्ध्या तासात पहिले दोन सोमवार कुणीच काही बोललं नाही. तिसऱ्या सोमवारी तो विहिरींवाला कार्यकर्ता म्हणाला, मॅडम, माझा बाप डिसेंबरात गेला, मी बाराव्या दिवशी कामावर आलो, मला रडायलाच भेटलं नाही.

या बदलांची किंमत आम्ही मोजली, तीही सांगते. पहिल्या तिमाहीत आमचा तालुका यादीत शेवटून दुसरा होता. मला सर्वांसमोर उभं करून विचारलं गेलं. यंदा मार्चअखेर सहाऐवजी पाचच बांध झाले. पाचही बांधांचे सांडवे मी स्वतः फिरून पाहिले आहेत. मागच्या वर्षभरात आमच्यातून एकच जण काम सोडून गेला, त्याआधीच्या वर्षी चार गेले होते. नवा माणूस गावात रुळायला सहा-आठ महिने लागतात. हा खर्च कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही, म्हणून तो नाही असं आपण धरून चालतो.

आपल्याकडून मला सहानुभूतीचं पत्र नको आहे. गेल्या वर्षी रविवारी दोन तासांचं तणावमुक्तीचं ऑनलाइन सत्र ठेवलं होतं, हेतू चांगला होता. आमच्यातल्या तिघांनी ते रस्त्याच्या कडेला, फिल्डवरून परतताना, गाडी उभी करून ऐकलं. सत्राऐवजी तो रविवार मोकळा हवा होता. पुढचा आराखडा कराल तेव्हा माणसांच्या रजेचे, मुक्कामाचे आणि बदली माणसाचे दिवस अंदाजपत्रकात धरा. देणगीदारांनी त्याला प्रशासकीय खर्च म्हणू नये, तो कामाचाच खर्च आहे. मार्च आणि मेनंतर आठ दिवस कोणताही नवा लक्ष्यांक देऊ नका. आढावा घेताना 'किती झालं' याच्या आधी 'किती जणांनी या महिन्यात सुट्टी घेतली' हे विचारा, आणि उत्तर शून्य आलं तर समन्वयकाला जाब विचारा, मलासुद्धा. हे आदेशानं होणार नाही. आपण स्वतः रजेवर गेलात आणि फोन दुसऱ्याकडे दिलात, तर खालच्या प्रत्येकाला परवानगी मिळते.

आमचा अभियंता तीन महिन्यांनी परत आला. डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, त्यामुळे मापाची उभी पट्टी (स्टाफ) धरायला आता सोबत कुणीतरी लागतं. त्या दिवशी फुटलेल्या बांधावर आजोबांनी ती पट्टी धरली आणि त्यानं लेव्हल घेतली. नवा सांडवा अर्ध्या मीटरनं जास्त रुंद करायचा असं त्यानं तिथेच ठरवलं.

जुलैच्या आढावा बैठकीची तारीख आली आहे, वेळ अजून आलेली नाही. ती सकाळी अकराची ठेवावी, म्हणजे आम्ही सगळे दिवेलागणीच्या आत घरी पोचू.

आपली,
एक तालुका समन्वयक
जिल्हा यवतमाळ